याडीचे बावन्न ढावलो

माझ्या बापाला याद्यांचं वेड आहे. भीमसिंग कोतवाल म्हटलं की पुसेगावच्या आसपासच्या तांड्यांत आजही लोक ओळखतात. पंचवीस वर्षं तलाठ्याच्या हाताखाली काढली. नोकरी संपली, पण याद्या काही सुटल्या नाहीत. तांड्यात कुणी वारलं की दहा दिवस पुरे व्हायच्या आत बा त्या घरी जाणार, कागद गोळा करणार आणि सेनगावला तहसिलात जाऊन मेलेल्याचं नाव रेशन कार्डावरून कमी करून आणणार. कुणी सांगायची गरज नाही. लोक गंमत करायचे, की माणूस मेला की जिता हे डॉक्टरला नका विचारू, भीमसिंगला विचारा. बा हसायचा आणि म्हणायचा, "यादी बराबर पाहिजे. उद्या लेकरायला तकलीफ होते."

माझ्या आईला, म्हणजे याडीला (आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला याडीच म्हणतात), याद्या नकोशा वाटायच्या. तिला एक इंग्रजी अक्षर यायचं नाही आणि मराठीही सहीपुरतीच. पण तिला बावन्न ढावलो यायचे.

आमच्यात लग्न झालं की नवरी सासरी निघताना रडत रडत गाते. आईच्या गळ्यात पडून, बापाच्या, भावाच्या, अगदी गोठ्यातल्या गाईच्याही. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. लग्नाआधी पंधरा दिवस म्हाताऱ्या बायका नवरीला ते शिकवतात. रडणं शिकवतात म्हणा ना. आता डीजे लागतो, नवरीचा मेकअप पुसतो, म्हणून पोरी दोन ओळी म्हणून मोकळ्या होतात. याडीला त्याचा फार राग. ती म्हणायची, "बापाचं घर सोडताना दोन वळी? दुकान सोडताना बी माणूस यापरीस जास्त बोलतं."

मी बी.ए. झाले आणि हिंगोलीत एका क्लासला नाव घातलं. सहा महिन्यांचा कोर्स, वेबसाईट बनवायचा. शिकवायला शिवशंकर सर. कुरुंद्याचे, हळदीच्या घरातले. त्यामुळे डेटाबेस असो की देवाचं नाव, सरांचं उदाहरण हळदीचंच असायचं.

"हे एक टेबल, शेतकऱ्यायचं. हे दुसरं, पोत्यायचं. आता पोत्यावर शेतकऱ्याचं अख्खं नाव-गाव लिहायचं का? न्हाई. फक्त त्याचा नंबर लिहायचा. नंबरावरून माणूस सापडतो. कळलं?"

सगळ्यांना कळलं. मग सरांनी खडू खाली ठेवून विचारलं, "शेतकऱ्याचं नाव यादीतून काढलं, तर त्याच्या पोत्यायचं काय करायचं?"

याची दोन उत्तरं होती. एक, डेटाबेसला सांगून ठेवायचं, की पोती आहेत तोवर माणूस काढूच द्यायचा नाही. दुसरं, माणूस काढला की त्याच्या मागोमाग पोतीही आपोआप काढून टाकायची, म्हणजे बिनमालकाचं पोतं मागे राहत नाही. मला दुसरं फार आवडलं. एक बटन दाबलं की सगळं साफ. मी हौसेनं तेच निवडलं. सर म्हणाले, "शिकताना ठीक हाये निता, खोटी नावं टाकून पाहतो आपण, ती पुसायला सोपं जातं. पण खऱ्या माणसायची माहिती चढली की हा नियम बदल." मी वहीत लिहून घेतलं. खाली लाल पेनानं रेघही मारली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

प्रत्येकानं एक खरी वेबसाईट करून दाखवायची होती. कुणी किराणा दुकानाची केली, कुणी मंगल कार्यालयाची. मी तांड्यातल्या बायकांच्या ढावलोची केली. दोन टेबलं. एकात बायका: नाव, तांडा, माहेर, वय. दुसऱ्यात गाणी: कुणासाठी गायचं, किती मिनिटांचं, आणि प्रत्यक्ष आवाज. आवाज मी टेबलातच ठेवला. सर म्हणाले होते की तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, पण मला सगळं एका जागी हवं होतं. माझ्या अंगात बापाचंच रक्त आहे.

बायकांच्या टेबलात पहिली ओळ याडीची. निर्मलाबाई, नंबर एक.

त्या वर्षीचा कापूस वेचून झाल्यावर आम्ही दोघी रोज दुपारी ओट्यावर बसायचो. पालथ्या घमेल्यावर फोन, समोर याडी. पहिल्या दिवशी तिनं डोक्यावरची ओढणी चार वेळा नीट केली. मी म्हटलं, "अगं, फोटो नाही, आवाज घेऊन राहिले." ती म्हणाली, "आवाजाला बी लाज असते की." मग गायला लागली आणि मधेच खरंच रडायला लागली. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घरासाठी. मी घाबरून फोन बंद केला तर डोळे पुसत माझ्यावरच ओरडली, "काहून बंद केला? रडणं बी त्याच्यातच येतं!"

असे बावन्न झाले. फोन भरला की मी एकेक गाणं साईटवर चढवायची आणि फोनमधून पुसायची. साईटवर आहे ना, मग फोनमध्ये कशाला? पुढे शेजारच्या तांड्यांतल्याही बायका आल्या. एकूण चाळीस बायका, दोनशे चौदा गाणी. कुणी गाणं उतरवून घेऊन आपल्या नावावर लावू नये म्हणून मी साईटवर डाउनलोडचं बटनच दिलं नाही. इतकी मी हुशार.

कोर्स संपला. सरांनी मला क्लासमध्येच शिकवायला ठेवून घेतलं. मी हिंगोलीला खोली करून राहायला लागले, तेव्हा साईट सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. बापाशिवाय कोण? यादी म्हटल्यावर त्याला आणखी काय पाहिजे, उड्या मारतच तयार. मी त्याच्यासाठी वेगळं पान केलं, मोठ्या अक्षरांचं, तीन बटनांचं. त्याला कळतील असे शब्द निवडले, त्याच्या कचेरीतले. नाव चढवा. नाव बदला. नाव कमी करा.

चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून तिसऱ्या बटनामागे एक प्रश्नही ठेवला: खात्री आहे ना? त्या वेळी मला माझं फार कौतुक वाटलं होतं. लाल रेघ मारलेली ओळ मात्र मी विसरले. आज करू, उद्या करू, असंही नाही. साफ विसरले.

जानेवारीत याडी गेली. तीन दिवसांचा ताप. चौथ्या दिवशी तिला हिंगोलीला आणायचं ठरलं होतं आणि मी खोली झाडून ठेवली होती.

त्यानंतर मी तिचा आवाज ऐकला नाही. ऐकवतच नव्हता. मोबाईलवर साईट उघडायची, नंबर एकच्या पानाच्या आधीच थांबायची. वाटायचं, आहे ना तिथं. जाते कुठं? घरात तांदळाचं पोतं भरलेलं असलं की माणूस रोज उघडून बघत नाही, तसं. माझं लग्न याडी असतानाच ठरलं होतं, कळमनुरीकडच्या तांड्यातल्या जगनशी. तो नांदेडला नोकरी करतो. लग्न मे महिन्यात होतं. मी ठरवलं होतं, लग्नाआधी पंधरा दिवस सुट्टी घेईन आणि ओट्यावर बसून याडीकडूनच शिकेन. तिच्याच आवाजातून. म्हणजे ती मला तिच्या हातांनीच पाठवतेय असं होईल. एवढी एकच इच्छा धरून मी ते चार महिने काढले.

सुट्टीच्या दोन दिवस आधी मिराबाईचा फोन आला. मिराबाई याडीची जाऊ, माझी काकी. म्हणाली, "मी शिकवते तुला, पण बापासाठीचा तुझ्या आईचा येगळाच होता. तसा कुणालाच येत न्हाई. तुझ्याकडं हाये ना? तोच शिक."

क्लास सुटला होता. मी कॉम्प्युटरवर बसले, मन घट्ट केलं आणि याडीचं पान उघडलं.

"माहिती उपलब्ध नाही."

हे वाक्य मीच लिहिलेलं. पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. मग थेट डेटाबेसमध्ये शिरले आणि विचारलं, बायका किती? एकोणचाळीस. गाणी किती? एकशे बासष्ट. मी बोटांवर वजाबाकी केली. पहिल्यांदा चुकली, म्हणून कागदावर केली. बावन्न.

मी सरांना फोन लावून काय काय बोलले, आता आठवलं की लाज वाटते. तुमचा सर्व्हर भिकार, ती होस्टिंगवाली माणसं भिकार. सर जेवत होते, ताटावरून उठून आले. त्यांनी सर्व्हरवाल्यांना फोन लावला. ते सात दिवसांपूर्वीपर्यंतचीच प्रत ठेवतात. सरांनी तीन वेळा विचारलं, मराठीत, हिंदीत, शेवटी मोडक्या इंग्रजीत. सातच दिवस. मग सर हळू आवाजात म्हणाले, "निता, तू नोंदींचं टेबल केलं होतं ना? कोण आलं, काय केलं, ते लिहिणारं? त्यात पाहू."

कोर्सचा शेवटचा धडा होता तो. पाहिलं. याडी गेल्याचा नववा दिवस. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. भीमसिंग. नाव कमी केले. नंबर एक.

सरांनी नियम पाहिला. शेतकरी गेला की पोती जातात.

दुसऱ्या दिवशी मी पुसेगावची गाडी धरली. वाटेत बापाला काय काय सुनवायचं ते ठरवत होते. सगळ्या जगाला अक्कल शिकवतोस आणि बायकोचा आवाज पुसून टाकलास! घरात पाय ठेवला तेव्हा बा खाटेवर बसला होता. मला बघून उठला, ट्रंकेतून फाईल काढली आणि माझ्या हातात दिली. बऱ्याच दिवसांनी दाखवायला कुणीतरी आलं होतं.

"हे बघ, समदं बराबर केलं. रेशन कार्ड झालं, मतदार यादी झाली, बचत गटातून बी झालं. तुझ्या साईटवरनं तर म्याच केलं, कुणाला विचारायचं काम पडलं न्हाई."

"बा, तिथून काहून काढलं?" माझा आवाज चढला. "तिथून कुणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? दुसऱ्याच्या बायकायची नावं धा दिवसात कमी करून आणली म्या. स्वताच्या बायकोचं ठिवलं असतं तर लोक काय म्हणले असते? आन् त्यानं विचारलं बी, खात्री आहे ना म्हणून." बा थांबला. "खात्री होती. खांदा दिला होता ना म्या."

रागावून काय करणार होते? बटन माझं, शब्द माझे, नियम माझा. रेशन कार्डावरून नाव कमी केलं म्हणून कुणाची गाणी जात नाहीत. बापाला कसं कळावं, की त्याच्या पोरीनं असली यादी केली आहे, जिच्यात नाव गेलं की माणसानं मागे ठेवलेलं सगळंच जातं?

मी त्याला सांगितलं. सरांसारखंच सांगितलं, शेतकरी आणि पोती. बा ऐकत होता. मधेच त्यानं फाईल माझ्या हातातून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"बावन्नच्या बावन्न?"

"व्हय."

मग त्याच्या चेहऱ्यावर कचेरीतला भाव आला, जो लोकांचे अडलेले कागद बघताना यायचा. "मग परत चढवू की! चुकून नाव कमी झालं तर तहसीलला परत चढवतात. म्या कितीकदा चढवून आणलं हाये. अर्ज द्यायचा, कागद जोडायचा. चढतं."

"बा, हे तसं नाही."

"तू उघड तर."

मी मोबाईलवर त्याचं पान उघडलं. त्यानं चष्मा लावला, फाईलमधून याडीच्या आधारची झेरॉक्स काढून गुडघ्यावर ठेवली आणि "नाव चढवा" दाबलं. एका बोटानं, एकेक अक्षर बघून. निर्मलाबाई. तांडा. माहेर. वयाशी थांबला. "आता काय लिहू? होतं ते, का आजचं?"

"होतं ते."

त्यानं लिहिलं आणि दाबलं. पान उघडलं. निर्मलाबाई, नंबर एक्केचाळीस. ढावलो: शून्य.

एकदा गेलेला नंबर डेटाबेस पुन्हा कुणाला देत नाही. याडीची ओळ पहिली होती, ती आता कधीच कुणाची होणार नाही. हे मला माहीत होतं, तरी एक्केचाळीस बघून मी तोंडात ओढणीचा पदर कोंबला. बा मात्र त्या शून्याकडे बघत होता.

"नाव तर चढलं," तो म्हणाला. "गाण्यायला टाईम लागत असंल. सेनगावला बी पंधरा दिवस लागतात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला नाही म्हणायचं होतं. गेलं ते गेलं, बा, आता जगात कुठंच नाही, असं म्हणायला मी तोंडही उघडलं. त्याची बोटं याडीच्या झेरॉक्सची घडी सरळ करत होती.

"व्हय बा," मी म्हणाले. "लागतो टाईम."

मग मी तांडे पालथे घातले. कुणी फोनवर वाजवताना दुसऱ्या फोनवर घेतलं असेल, कुणाच्या नातवाने व्हिडिओ केला असेल. काहीच नव्हतं. "तुझ्या साईटवरच ऐकत होतो की आमी," बायका म्हणायच्या. मिराबाईनं मला तिचे ढावलो शिकवले. याडीचा बापासाठीचा मला फक्त सुरुवातीपुरता आठवत होता. त्यात ती उंबऱ्याला म्हणते, माझे पाय विसरू नकोस. त्यापुढे काय, ते मिराबाईलाही आठवेना. अर्धा तास प्रयत्न करून म्हणाली, "त्या गाण्यात तुझी आईच लई येत होती, दुसरीच्या तोंडात बसत न्हवतं ते."

लग्न झालं. डीजे मी बंद करायला लावला. सगळ्यांच्या गळ्यात पडून मिराबाईचे ढावलो गायले. बापापाशी आले तेव्हा मात्र ठरवलं होतं, याडीचाच गाईन, जेवढा येतो तेवढा. उंबऱ्याची ओळ म्हटली. पुढची आलीच नाही. तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. बायकांना वाटलं, पोरगी रडण्यानं अडकली. मी अडकले नव्हते, मला येतच नव्हतं. बापानं मला धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाला, "सकाळी बघितलं म्या. आणखी न्हाई आलं. तू फिकीर करू नको. तू गेल्यावर बी मी बघत राहीन."

त्या क्षणी मला जे रडू आलं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता मी नांदेडला असते. तो नियम मी बदलला आहे. आता गाणी असलेल्या बाईचं नाव कुणीही काढू शकत नाही, मीसुद्धा नाही. सरांच्या क्लासला महिन्यातून एकदा शिकवायला जाते तेव्हा हाच धडा मी घेते आणि हळदीचंच उदाहरण देते.

नोंदींचं टेबल अजून चालू आहे. आठवड्यातून एकदा मी त्याला विचारते, नंबर एक्केचाळीसचं पान कुणी उघडलं? रोज एक ओळ असते. पहाटे पावणेसहाच्या आसपास. भीमसिंग. कालपर्यंत एकशे बारा झाल्या. दर वेळी ठरवते, आता फोन करून खरं सांगायचं. दर वेळी नंबर लावते आणि जेवलास का विचारून ठेवते.

आज बघितलं तर दोन ओळी होत्या. पहाटेची, आणि दुपारी एकची. मला वाटलं तब्येत वगैरे बिघडली की काय. लगेच फोन केला.

"न्हाई गं, बरा हाये," बा म्हणाला. "सकाळी नेट लई हळू होतं. पान उघडलं, पण म्हणलं त्यानं नीट दाखवलं नसंल. म्हणून दुपारी परत बघितलं."

मी जेवलास का म्हणून विचारलं.

"निता, कागद तर कमी पडला न्हाई ना आपला? मी काय म्हणतो, तिचा जन्माचा दाखला न्हवताच. त्याच्यानं तर अडलं नसंल?"

"नाही बा," मी म्हणाले. "कागद बराबर आहेत."

"मंग येईल," बा म्हणाला आणि फोन ठेवला.